थांबलेला टँकर

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी, आगाशीच्या बाजारापासून थोड्या अंतरावर, पाण्याच्या टँकरने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडक दिली. बाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. टँकर पुढे जाऊन एका वाडीच्या दगडी कुंपणाला टेकला आणि थांबला. चालकाला इजा झाली नाही.

पोलिसांनी दोन जबाब घेतले. चालकाने सांगितले, ब्रेक दाबला पण लागलाच नाही. बाईंनी सांगितले, टँकर माझ्यासमोर पूर्ण थांबला होता, मग त्याने तो पुन्हा अंगावर घातला. दोघांतले एक कुणीतरी खोटे बोलत आहे, असे ठाण्यातल्या सगळ्यांना वाटले. चौथ्या दिवशी टँकरच्या पाहणीसाठी मला बोलावणे आले, तेव्हा मलाही तसेच वाटले.

मी अपघात झालेल्या वाहनांचा सर्व्हेअर होतो. गाडी आपटली की मालक विमा कंपनीला कळवतो आणि कंपनी आमच्यासारख्या माणसाला पाठवते. नुकसान किती आणि ते कशामुळे झाले, एवढेच आम्ही सांगायचे. त्याआधी काही वर्षे मी एका सांजदैनिकाला वसई तालुक्याच्या बातम्या देत होतो. आपण पाहिलेले आणि कुणी सांगितलेले यांची सरमिसळ करायची नाही, ही तिथली शिकवण पुढच्या कामातही उपयोगी पडली.

या धंद्याला लागणारे शास्त्र शाळेत नववीपर्यंत शिकवून होते. वस्तू उभी असेल तर उभी राहते आणि जात असेल तर जात राहते. तिच्यात बदल व्हायचा तर बाहेरून कुणीतरी जोर लावावा लागतो. हे वाक्य परीक्षेत सगळे बरोबर लिहितात आणि गाडीत बसल्यावर कुणालाच आठवत नाही. नोकरीभर मी एकच प्रश्न वेगवेगळ्या माणसांना विचारत आलो: जोर कुणी लावला?

विरार पश्चिमेला एका इमारतीत एक सद्गृहस्थ मला म्हणाले होते, "गाडी उभी होती हो. मी वर चहा पीत होतो. ती आपोआप गेली आणि गेटवर आदळली."

"उतारावर उभी होती?"

"उतार म्हणजे काय, जरासा."

"हँडब्रेक?"

"पाच मिनिटांसाठी कोण हँडब्रेक लावतो?"

"मग आपोआप नाही गेली. पृथ्वीने ओढली."

"ते तुमच्या फॉर्मात कुठे लिहायचं?" त्यांनी गंभीरपणे विचारले. फॉर्मात तसा रकाना नव्हता.

दुसरे एक कुटुंब घर बदलत होते. टेम्पोत लोखंडी कपाट उभे ठेवलेले, बांधलेले नाही. टेम्पोसमोर कुत्रे आले, चालकाने ब्रेक मारला आणि कपाट केबिनचा मागचा पत्रा फोडून आत आले. घरातल्या बाई मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "कपाट एका जागी होतं. ते उडालं कसं?" मी म्हणालो, "ते उडालं नाही. टेम्पोबरोबर जात होतं. टेम्पोला थांबवलं ब्रेकने. कपाटाला कुणी थांबवलं?" बाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, दोरी घ्या." मला पूर्ण निबंध लागला असता ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

तर तो टँकर. चालकाचे नाव किसन, चांदीप गावचा. पन्नाशीला आलेला, घरी भातशेती. टँकरवर येण्याआधी बरीच वर्षे त्याने लग्नाच्या वऱ्हाडाच्या आणि सहलींच्या बस चालवल्या होत्या. तो मला पोलीस ठाण्याच्या आवारातच भेटला. लायसन्स जमा होते. तो प्यायला होता का, ही चर्चा बाजारात झाली होती, पण रक्ततपासणीत दारू आढळली नव्हती. टँकरची पुढची जाळी आणि बंपर चेपला होता, बाकी गाडी शाबूत होती.

"साहेब, ब्रेक लागलाच नाय," तो म्हणाला. "पाय होता ब्रेकवर. तरी गाडी गेली."

परिवहन खात्याच्या निरीक्षकांनी ब्रेक आधीच तपासले होते. मी पुन्हा पाहिले. हवेचा दाब ठीक, नळ्या ठीक, सगळ्या चाकांच्या ब्रेकची लायनिंग नव्यासारखी. रिकामा टँकर आवारातल्या आवारात चालवून पाहिला, गाडी जागच्या जागी थांबत होती.

"किसन, ब्रेक चांगले आहेत."

"मग मी खोटा?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलं नाय, पण लिवाल." तो टँकरच्या पायरीवर बसला. "साहेब, शेत हाय, उपाशी काय मरणार नाय. पन बाईच्या अंगावर जानूनबुजून गाडी घातली, असं पोलिसाच्या कागदात लिवलंय. आमच्या गावात लोकं वाचत नाय, पन बोलतात."

दोन जबाबांमुळे तो अशा कोंडीत सापडला होता. ब्रेक निकामी असते तर तो निर्दोष ठरला असता. ब्रेक चांगले निघाले आणि बाईंचे म्हणणे खरे धरले, तर थांबलेला टँकर त्याने मुद्दाम पुढे काढला, एवढाच अर्थ उरत होता.

तिथून मी अपघाताच्या जागी गेलो. रस्त्यावर गतिरोधक आहे आणि त्यापुढे अगदी थोडा उतार. टँकर गतिरोधकावर हिंदकळले की वरच्या झाकणातून पाणी सांडते, त्यामुळे उन्हाळाभर तेवढा पट्टा ओला असतो. गतिरोधकाच्या अलीकडे कोरड्या रस्त्यावर टायरचे दोन काळे पट्टे होते. म्हणजे ब्रेक लागला होता, आणि चांगला लागला होता. पट्टे संपत होते. पुढे दोन-तीन पावले काहीच खूण नव्हती. त्यानंतर ओल्या भागात पुन्हा घसरल्याच्या खुणा, पुसट आणि जराशा तिरप्या, थेट कुंपणापर्यंत.

ब्रेक, मग काही नाही, मग पुन्हा ब्रेक.

त्या मधल्या कोऱ्या जागेत मी बराच वेळ उभा होतो. एका रिक्षावाल्याने विचारले, "काय हरवलंय काका?" मी म्हणालो, "जोर." तो हसून निघून गेला.

मागून दुसऱ्या वाहनाने धक्का दिला असता तर टँकरच्या मागच्या अंगाला खूण असती. ती नव्हती. इंजिनच्या जोरावर गाडी पुढे काढायची तर ओल्या रस्त्यावर मागची चाके जागच्या जागी फिरल्याची खूण बहुधा दिसली असती. तीही नव्हती.

जखमी बाईंचे नाव सुमनताई. निर्मळला त्यांची छोटी वाडी आहे, केळी आणि सोनचाफा. रोज सकाळी टोपली घेऊन त्या आगाशीच्या बाजारात बसायच्या. मी गेलो तेव्हा त्या ओटीवर प्लॅस्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून फुले बांधत होत्या. घरात त्या त्यांच्या बोलीत बोलत होत्या, माझ्याशी बाजारातल्या मराठीत.

"तुम्ही कोणाकडचे? टँकरवाल्याकडचे असाल तर चहा घ्या आणि जा."

"मी कोणाकडचाच नाही. गाडीचा आहे."

"गाडी काय म्हणते?"

"गाडी म्हणते, ती थांबली होती."

त्यांनी हातातला धागा खाली ठेवला. "बघा. मी हेच सांगते पहिल्या दिवसापासून. मी हात केला, त्याने थांबवला. मी चाकाकडे बघितलं, चाक थांबलं होतं. मग पाय टाकला. टँकरमालकाचा माणूस इथं येऊन सांगतो, ताई, थांबला नव्हता असं म्हणा, चालकाचं भलं होईल. मी म्हटलं, मी बघितलं ते बघितलं. त्याचं भलं व्हावं म्हणून मी आंधळी होऊ?"

"चालकाचं तोंड दिसलं तुम्हाला?"

"दिसलं. माझ्यापेक्षा तोच घाबरला होता." त्यांनी धागा पुन्हा उचलला. "तेच मला कळत नाही. मुद्दाम घालणारा माणूस असा घाबरत नाही."

टँकरमालक वसंतशेठ यांचे म्हणणे सरळ होते. "साहेब, ब्रेक फेल लिहून टाका. किसन सुटेल, माझं विम्याचं काम होईल, तुम्हीपण मोकळे."

"आणि सुमनताई खोट्या ठरतील."

"त्यांचा पाय मोडलाय हे कोण नाकारतंय? पण डोळे काय, माणसाचे फसतात."

मी त्यांना टायरच्या खुणांचे फोटो दाखवले. ते त्यांनी मोबाईल उलटासुलटा करून पाहिले आणि म्हणाले, "मग किसनच जाणे." हे बोलताना त्यांना आनंद झाला नव्हता. किसन त्यांचा सगळ्यात जुना चालक होता.

टँकर त्या सकाळी कुठून कुठे चालला होता, हे राहिले होते. निर्मळच्या विहिरीवर भरून तो एका मोठ्या सोसायटीला पाणी देत असे. या सोसायटीच्या दोन वसाहती आहेत, बाजाराच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. तिच्या सेक्रेटरी सावंत मॅडम. मूळच्या कोकणातल्या, मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला ऑफिसात बसवले, पंखा लावला आणि स्वतःहून सगळे सांगायला सुरुवात केली.

"आधी रोज भांडण. पहिला टँकर फेज वनला का, फेज टूला का. लोक सकाळी टाकीवर उभे राहून मोजायचे. मग मीच तोडगा काढला. प्रत्येक टँकर हाफ-हाफ. अर्धा इकडे रिकामा करायचा, अर्धा तिकडे. त्या दिवसापासून एक कंप्लेंट नाही."

"म्हणजे अपघात झाला तेव्हा टँकर अर्धा भरलेला होता."

"हो. इकडे अर्धा देऊनच निघाला होता. त्याने काय फरक पडतो? वजन कमीच झालं ना? उलट सेफ."

अर्ध्या टँकरमध्ये पाणी हलते हे खरे, पण ते हलू नये म्हणून टाकीच्या आत आडवे पत्रे जोडलेले असतात. पत्र्यांना भोके असतात. पाणी त्यातून जाते, पण एकदम सगळे पुढे धावू शकत नाही.

मॅडम पुढे सांगत होत्या. "आणि हायजीनचं पण आम्ही बघितलं. मध्ये पाण्याला शेवाळाचा वास यायचा. मी शेठना स्पष्ट सांगितलं, टाकी आतून घासल्याशिवाय टँकर गेटच्या आत येणार नाही. आता काय सुंदर झालीये. मी स्वतः शिडीवर चढून टॉर्च मारून बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं स्वच्छ दिसतं."

"या टोकापासून त्या टोकापर्यंत?"

"एकदम. आरपार."

आरपार दिसायला नको होते.

मी परत पोलीस ठाण्यात गेलो, टँकरवर चढलो आणि झाकण उघडले. टाकीचा पत्रा फुटलेला नव्हता, म्हणून आतापर्यंत कुणी आत पाहिले नव्हते. टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गॅस कटरने कापलेल्या कडा दिसल्या. तीन आडवे पत्रे होते तिथे आता तीन रेषा होत्या. कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. काम नीट केले होते.

वसंतशेठना फोन केला. त्यांनी काहीही लपवले नाही. "कापले ना. सफाईला माणूस आत सोडला तर त्या भोकातून पलीकडे जाईना. आमचा गणपत जरा अंगाने आहे. माणूस बारीक करता येत नाही, पत्रा कापता येतो. का, काय झालं?"

काय झाले असावे, ते मला दिसत होते. पण दिसणे आणि सिद्ध होणे वेगळे. मी विचारले, "तुमचा दुसरा टँकर आहे ना? त्याचे पत्रे?"

"ते पुढच्या आठवड्यात कापणार होतो."

"कापू नका."

दोन्ही टँकर निर्मळच्या विहिरीजवळच्या मोकळ्या मैदानावर आणायचे ठरले. पोलिसांच्या परवानगीने, त्यांच्या एका हवालदाराच्या समोर. किसन आला, पण लायसन्स जमा असल्यामुळे गाडीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. सावंत मॅडम छत्री घेऊन आल्या. सुमनताईंची वाडी जवळच. त्यांच्या दिराने त्यांना स्कूटरवरून आणले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले. आपल्या वाडीतला केळीचा एक तोडलेला खुंट त्यांनी दिराकडून आणवला होता. "मी जिथं उभी होते तिथं हा उभा करा," त्या म्हणाल्या. "मी काही पुन्हा राहणार नाही."

चुन्याची रेघ मारली, पलीकडे खुंट रोवला. दोन्ही टँकर अर्धे भरले. मी किसनला विचारले, "त्या दिवशी ब्रेक कसा मारलास? पायाने करून दाखव."

तो जमिनीवर पाय दाबून दाखवू लागला. "असा दाबला. गाडी बसली. मंग शेवटाला पाय थोडा सैल."

"सैल का?"

"सवय. बसमदी शेवटपर्यंत दाबून धरला का म्हातारी मानसं पुढं पडतात. थांबता थांबता सैल केला का धक्का नाय लागत." हे सांगताना त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा रुबाब आला.

कापलेल्या पत्र्यांचा टँकर वसंतशेठनी स्वतः चालवायला घेतला. सायकलच्या वेगाने या, रेघेवर थांबवा, थांबला की पाय सैल करा, असे मी सांगितले. त्यांनी तसेच केले. टँकर रेघेवर थांबला. चाक थांबले, ते सगळ्यांनी पाहिले. आतून एक जाड आवाज आला, झाकणातून पाणी उसळले आणि टँकरने पुढे उडी घेतली. केळीचा खुंट आडवा झाला.

वसंतशेठ खाली उतरले आणि आधी गाडीच्या मागे गेले. "च्यायला, मागून दिली कोणी?"

मागे कुणी नव्हते.

दुसरा टँकर, पत्रे असलेला, त्याच वेगाने आणला. तोही रेघेवर थांबला, दोनदा डुलला आणि उभा राहिला. पुन्हा रोवलेला खुंट जागेवर होता.

मी सांगितले ते एवढेच. टँकर जात असतो तेव्हा पाणीही जात असते. ब्रेक चाकांना थांबवतो, पाण्याला नाही. पाणी पुढच्या भिंतीपर्यंत जात राहते आणि तिला धडकते. टाकी पूर्ण भरलेली असेल तर त्याला धावायला जागा नसते. रिकामी असेल तर धावायला पाणीच नसते. अर्ध्या टाकीत दोन्ही असते. पत्रे होते तोवर ते तुकड्या-तुकड्यांनी पोचायचे, आता एकदम पोचते. आणि ते पोचते त्याच क्षणी किसनचा पाय सैल असतो. त्याने पुन्हा ब्रेक दाबला तोवर गाडी ओल्या उतारावर घसरत होती, म्हणून तो लागलाच नाही असे त्याला वाटले.

"म्हणजे अर्धी बादली उचलून चालताना होतं तसं," सावंत मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे हाफ-हाफमुळे? आणि स्वच्छ करायला सांगितलं म्हणून?"

त्यांनी छत्री मिटली.

किसन त्या खुंटाकडे पाहत उभा होता. सुमनताईंनी त्याला हाक मारली. अपघातानंतर दोघे पहिल्यांदाच समोरासमोर आले होते.

"काय रे, तू थांबला होतास."

"थांबलो होतो?" त्याने विचारले.

"मग. मी बघूनच निघाले होते. तूच सगळ्यांना सांगत फिरतोस, थांबलो नाही म्हणून."

"मला वाटलं ब्रेक..." त्याने प्लॅस्टरकडे पाहिले. नंतर म्हणाला, "ताई, पाय कसा हाय?"

"खाजतो. प्लॅस्टरच्या आत हात जात नाही."

किसनने इकडेतिकडे पाहिले, केळीच्या वाळक्या पानाचा एक लांब देठ उचलला, स्वच्छ सोलला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो प्लॅस्टरमध्ये घालून पाहिला. पोचत होता.

दोघांचे पुरवणी जबाब झाले. माझा अहवाल दोन पानांचा होता. कंपनीने त्यातले एकच वाक्य उचलले: मालकाने टाकीच्या मूळ बांधणीत परवानगीशिवाय बदल केला. त्यावरून टँकरच्या नुकसानीचा दावा नाकारण्यात आला. सुमनताईंच्या भरपाईचा दावा वेगळा चालला आणि मंजूर झाला. वसंतशेठ माझ्याशी काही महिने बोलले नाहीत. अहवालात पाण्याबद्दल मी जो परिच्छेद लिहिला होता, तो माझ्या माहितीप्रमाणे कुणी वाचला नाही. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला परिच्छेद होता.

किसनवरचा जाणूनबुजून धडक दिल्याचा ठपका काढण्यात आला आणि त्याचे लायसन्स परत मिळाले. टाकीत नवे पत्रे जोडले गेले. त्यांना मधोमध झडप केली आहे, गणपत जाईल एवढी. सफाई झाली की ती बंद करतात. सोसायटीत टँकर पुन्हा एका वेळी एकाच वसाहतीत पूर्ण रिकामा होऊ लागला आणि पहिला कोणाला यावरची भांडणेही पुन्हा सुरू झाली. सावंत मॅडमनी पुढच्या निवडणुकीत सेक्रेटरीपद घेतले नाही.

सुमनताईंचा पाय जुळला, पण त्या थोड्या लंगडतात. डोक्यावर टोपली घेणे बंद झाले आहे. केळी दीर स्कूटरवरून आणतो, त्या फक्त चाफा घेऊन येतात.

गेल्या उन्हाळ्यात मी आगाशीला बसची वाट पाहत होतो. सुमनताई हातात चाफ्याची पिशवी घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. एक टँकर आला, किसनचा नव्हे, दुसराच. त्यांनी हात केला. टँकर गतिरोधकापाशी थांबला. चालकाने त्यांना जा म्हणून खूण केली. त्या जागच्या हलल्या नाहीत. मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला. झाकणाच्या कडेने पाणी बाहेर आले, केबिनच्या काचेवरून ओघळले आणि बंद झाले. मग त्या रस्ता ओलांडून आल्या.